सिद्धगडावरचा नाका

रविवार, ८ फेब्रुवारी. मोड आलेले वाल सोलायला बसले होते. विमान ऑटोपायलटवर होतं.

विमान म्हणजे कॉम्प्युटरवरचं. मुलगा नोकरीला बंगलोरला गेला, मशीन इथे शहापुरात धूळ खात पडलं. पुसता पुसता मी उडवायला शिकले. ऑनलाइन मुरबाडची एक बाई भेटली, माझ्याच वयाची. आकाशातल्या वाटा आणि त्यांवरचे पॉइंट खऱ्या जगात बदलत राहतात, तशी त्यांची माहिती गेममध्येही नवी भरावी लागते. आम्ही दोघींनी ती कधीच भरली नाही. गेमबरोबर आलेली जुनीच चालवली. त्यात सिद्धगडाच्या वर एक पॉइंट होता. त्याला आम्ही नाका म्हणायचो. दर रविवारी दुपारी मी मुंबईहून यायची, ती पुण्याहून. नाक्यावर घिरट्या घालत हेडफोनवर बोलायचं आणि आपापल्या वाटेने परतायचं. मुरबाड एसटीने काही लांब नाही. पण तिने कधी बोलावलं नाही, मीही गेले नाही.

त्या दिवशी अर्धे वाल सोलून झाले तरी ती आली नाही. शेवटी मीच हाक मारली.

“कुठे आहेस? मी नाक्यावर फिरतेय.”

“आमी पुण्यालाच उतरलो परत. नाका दिसलाच नाय गो. भाचीनं सगळी माहिती नवी भरून दिली, त्यात तो नायच.”

“मग सांगायचं तरी. इंधन संपवलंस माझं.”

“खोटं तर इंधन. वाटलं, तुझ्याकडनं पण गेला असंल.”

“माझ्याकडनं काय जातंय. जुनंच आहे सगळं.”

“तू पण नवीन भर ना. आमी आता भाचीच्या ग्रुपात उडणार, रविवारचंच. तिथं जुनं चालत नाय.”

“आणि भेटायचं कुठे?”

“बघू गो,” म्हणाली, आणि तिकडे कुणाशी तरी हसत बोलायला लागली. मी हेडफोन काढला. विमान मुंबईला उतरवलं, जरा आपटलंच. राहिलेले वाल पाण्यात तसेच ठेवले.

सकाळी उठून आधी कॉम्प्युटर लावला. पॉइंट यादीतून गेला तरी जागा कुठे जात नाही. अक्षांश-रेखांश टाकले की विमान तिथे पोचतं. जुन्या यादीतून ते आकडे उतरवून घेतले आणि तिला पाठवले. खाली लिहिलं, शनिवारीही चालेल. मग उरलेले वाल सोलून बिरडं टाकलं. एकटीला दोन दिवस पुरेल एवढं झालं.