डॉक्टरांनी खाल्लेले नुक्ते

नारपोलीतल्या एका शाळेत आमचं शिबिर चाललं होतं. वाचता-लिहिताना अडणाऱ्या मुलांना कसं शिकवायचं, कसं समजून घ्यायचं, हे शिक्षकांना आणि मानसशास्त्रज्ञांना सांगायचं, हे माझं काम. समोर मराठी शाळांतल्या बाई, उर्दू शाळांतल्या आपा आणि एक मानसशास्त्रज्ञ. भिंतीपलीकडे लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा, खडखडता कारखाना. त्यामुळे सगळे सकाळपासून ओरडूनच बोलत होतो. बाहेरून कुणी ऐकलं असतं तर भांडण जुंपलंय असंच वाटलं असतं.

जेवणानंतर निम्मा वर्ग पेंगायला लागला. आता पडद्यावरची माहिती दाखवून उपयोग नव्हता. मी एका आपांच्या हातात खडू दिला आणि म्हटलं, "ज्यांना उर्दू येत नाही, त्यांना वाचायला शिकवा."

आपा कोकणी घरातल्या, मराठी फर्डं बोलणाऱ्या. त्यांच्या नुसत्या बघण्याने वर्ग गप्प होतो, अशी त्यांची ख्याती. त्यांनी फळ्यावर होडीसारखी रेघ काढली, खाली एक ठिपका दिला. "हा बे." पुन्हा तीच होडी, खाली तीन ठिपके. "हा पे." पुन्हा होडी, वर दोन ठिपके. "हा ते. ठिपक्याला नुक्ता म्हणायचं. झालं, सोपं आहे."

पहिल्या बाकावर वळ गावच्या बाई होत्या. एरवी पुस्तकी मराठीत बोलणाऱ्या, पण गडबडल्या की गावची बोली बाहेर यायची. त्या म्हणाल्या, "आवो आपा, ही बी होडी हाय, ती बी होडी हाय. मंग नावं येगळी कशाला?"

आपांनी पुन्हा सांगितलं. मग पेवर बोट ठेवून विचारलं. बाईंनी छातीठोकपणे सांगितलं, "ते!"

"अहो, आत्ताच तर शिकवलं ना! लक्ष कुठे आहे तुमचं?"

हे बोलल्या आणि आपांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. मुलांना हे वाक्य ऐकवायचं नाही, यावर सकाळीच आमची तासभर चर्चा झाली होती, आणि सगळ्यात जास्त माना त्यांनीच डोलावल्या होत्या. वर्गात असा हशा फुटला की पेंगणारे दचकून जागे झाले.

मग आपांनी मानसशास्त्रज्ञांकडे मोर्चा वळवला. त्यांना सगळे डॉक्टर म्हणत. उंच, इस्त्रीचा शर्ट, बोलणं मोजून-मापून. वाचता न येणारं मूल कसं टाळाटाळ करतं, यावर सकाळी त्यांनीच व्याख्यान दिलं होतं.

"डॉक्टरसाहेब, फळ्यापाशी या."

डॉक्टरांचं पेन खाली पडलं. ते शोधायला ते बाकाखाली गेले आणि बराच वेळ वर आलेच नाहीत. वर आले ते घसा धरून. "जरा पाणी पिऊन येऊ का?"

"टाळाटाळ!" सगळे एका सुरात ओरडले. डॉक्टरांचे कान लाल झाले आणि मग तेही खो-खो हसत सुटले. पहिल्यांदाच. मला हसून हसून ठसका लागला.

आता आपांनाही चेव आला. फळ्यावरून जमत नाही म्हटल्यावर त्या खिडकीशी गेल्या आणि पलीकडच्या लूमवरच्या कारागिराला त्यांनी हाक मारली, "भाई, थोडा खराब धागा मिलेगा?" त्याने गुंतलेल्या धाग्यांचा गठ्ठाच गजांतून आत ढकलला. "मॅडम, इतने में हो जाएगा?" सगळ्यांनी बाकावर धाग्याच्या होड्या मांडल्या. नुक्त्यांसाठी चहाबरोबरचे फुटाणे घेतले. बोट फिरवायचं, नाव म्हणायचं, पुन्हा बोट फिरवायचं.

आपा तपासायला निघाल्या. "डॉक्टर, हा पे आहे ना? मग खाली एकच नुक्ता?"

डॉक्टर तोंड न उघडता म्हणाले, "अं?"

"दोन नुक्ते खाल्ले यांनी! पेचा बे केला!" वळच्या बाई बाक बडवत ओरडल्या. त्यानंतर कुणालाच कुणाचं ऐकू येईना.

शेवटी आपांनी तीन अक्षरं जोडली. जोडताना पहिल्या होडीचं नुसतं टोकच उरलं. "आता होडी बुडाली का काय?" बाईंनी काळजीने विचारलं. आपांनी त्यांचं बोट धरून हळूहळू फिरवलं. "ही काठी म्हणजे अलिफ, आ." बाई पुटपुटल्या, "बे... आ... पे. बा... बाप!" आणि त्या उभ्याच राहिल्या. "बाप! वाचलं मी!"

घरी जाताना वळच्या बाई आणि मी शेअर रिक्षात शेजारी बसलो. धामणकर नाक्यावर रिक्षा अडकली, तशा बाई दुकानांच्या उर्दू पाट्यांतले बे आणि पे मोठ्याने वेचायला लागल्या. चुकल्या की बुरख्यातली एक प्रवासीण दुरुस्त करत होती, रिक्षावाला आरशातून शाबासकी देत होता. मधेच बाई पाट्या सोडून माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, "माझ्या वर्गात एक पोर हाय. वाचायला उठवली का तिचं पोट दुखतं. मला वाटायचं, सोंग करते."

काही दिवसांनी त्यांचा फोन आला. त्यांनी त्या मुलीच्या शेजारी बसून स्वतःची फजिती सांगितली होती. मुलीने विचारलं, "मंग तुमी रडल्या?" "न्हाय गं, लय हसले." पोरगी खुदकन हसली, सरकून बाईंना नीट जागा केली आणि बोट ठेवून तिने दोन ओळी वाचल्या. निम्मे शब्द चुकले. बाईंनी एकही टोकला नाही.

"पोट?" मी विचारलं.

"हसून दुखलं असंल तेवढंच," त्या म्हणाल्या.