मागचं डावं गार आहे

माझ्या तोंडाला लगाम नाही, हे आमच्या गॅरेजमध्ये सगळ्यांना माहीत आहे. शाळेची बस चालवते मी, बत्तीस मुलांची. बारा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी सगळ्यात जास्त खेकसले ज्याच्यावर आणि सगळ्यात जास्त उपकार घेतले ज्याचे, तो माणूस एकच, आमचे ब्रेकमिस्त्री. सगळे त्यांना थर्मामीटर म्हणतात. मी मामा म्हणते. भांडतानाही मामाच.

हे नाव उगाच नाही पडलं. ब्रेकचं काम झालं की मामा ड्रायव्हरच्या शेजारी बसतात, गाडी मागच्या उतारावर न्यायला लावतात आणि तीनदा करकचून ब्रेक मारायला सांगतात. मग खाली उतरायचं, कुरकुरत्या गुडघ्यांनी वाकायचं आणि एकेका चाकाच्या आत हाताची पाठ न्यायची. टेकवायची नाही, नुसती जवळ धरायची. चारही चाकं सारखी तापली असली तर किल्ली हातात. नाहीतर गाडी परत आत.

मी नवीन होते तेव्हाची गोष्ट. शाळेची वेळ होत आलेली, आणि मामा चाकांजवळून उठून म्हणतात, "मागचं डावं गार आहे. नाही जायचं."

"मग बरंच आहे की! तापलं नाही म्हणजे ब्रेक झकास!" मी म्हटलं.

त्यांनी किल्ली खिशात टाकली. त्यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "झालं बोलून? आता तळहात चोळ. जोरात."

चोळले. "गरम झाले. त्यात काय मोठंसं?"

"तेच तर. पळती गाडी थांबते तेव्हा तिची धाव जाते कुठं? नाहीशी होत नाही, पोरी. ब्रेकमध्ये घासून घासून तिची उष्णता होते. जे चाक तापलं त्यानं गाडी थांबवली. जे गार राहिलं ते नुसतं फिरून आलं, आणि त्याचं काम बाकी तिघांच्या गळ्यात पडलं."

चाक खोललं. आत ऑइल गळून चाकाला घासून धरणारा ब्रेकचा लायनर चिंब भिजला होता. तो काय कप्पाळ पकडणार! शाळेच्या वाटेवर मोठा उतार आहे आणि उताराच्या तळाशी चौक. त्या दिवशी मुलं दुसऱ्या बसनं गेली. मी तिथेच एका जुन्या टायरवर बसून रडले, खोटं कशाला सांगू? मामांनी चहा आणून दिला आणि एका शब्दानं टोमणा मारला नाही. मी असते तर महिनाभर मारला असता.

पुढे चहा पिता पिता ते असं कितीतरी सांगायचे. "डिझेल जळतं, त्याची आग होते. आगीची धाव होते, धावेची पुन्हा ऊब. ऊब जाते वाऱ्यावर. पण मधल्या मध्ये तुझी बत्तीस पोरं शाळेत पोचली ना? मग झालं तर."

गेल्या वर्षीची गोष्ट. असेच तीन ब्रेक मारून झाले, मामा फिरून आले. चेहरा उतरलेला. म्हणाले, "चारही गार आहेत."

"काहीतरीच काय! चारही गार असती तर आपण आत्ता उताराखालच्या भिंतीत असतो," मी हसत म्हटलं. आणि मग माझं लक्ष त्यांच्या हाताकडे गेलं. हाताच्या पाठीवर टम्म फोड आला होता. चाकातल्या तापलेल्या ब्रेकड्रमला हात टेकला होता आणि त्यांना कळलंसुद्धा नव्हतं.

साखरेचा त्रास त्यांना जुनाच. हात बधिर होत चालले होते, आणि सहा महिने ते हे लपवत होते. मी फोडावर पाणी ओतत होते आणि ते माझ्याकडे बघत नव्हते. "हात गेला म्हणजे मी गेलो," म्हणाले. "मालकांना आजच सांगतो. उद्यापासून घरी. पोरांच्या जिवाशी खेळ नको."

या माणसाला घरी बसवलं तर तो आठ दिवसांत खंगेल, हे मला स्वच्छ दिसत होतं.

"सांगा की मालकांना," मी म्हटलं. "पण पुरतं सांगा. हात माझा, डोकं तुमचं. चालतंय का विचारा."

मालक म्हणाले, करून बघा. पण चारही सारखी आहेत हे मामांना पटलं नाही, तर गाडी बाहेर पडणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी वाकून एकेका चाकाजवळ हात धरला. "चांगलं तापलंय," मी म्हटलं.

"चांगलं म्हणजे किती?"

"चहाच्या कपाइतकं."

"कुणाच्या चहाच्या? तू फुंकर मारून कोमट पितेस, मी उकळता पितो!" मामा कधी नव्हे ते ओरडले. मग खाली बघून हळूच म्हणाले, "नाही जमायचं हे, पोरी. हे बोलून कळत नाही."

मला राग आला. त्यांचा नाही, त्या बधिर हातांचा. मी पुन्हा वाकले, पुढच्या चाकाजवळ हात धरला, सोसवेना इतका वेळ धरला, आणि तशीच उठून हाताची पाठ त्यांच्या गालावर टेकवली.

"गाल बधिर नाही ना झाला?"

मामांनी डोळे मिटले. "दुसरं," ते म्हणाले.

मी पळत गेले, पळत आले. मग तिसरं. मग मागचं डावं. त्याला त्यांनी गाल जरा जास्तच वेळ दिला. गॅरेजमधले सगळे हातातली कामं टाकून आमचा हा तमाशा बघत होते, पण हसलं कुणीच नाही.

"मागचं डावं पुन्हा," मामा म्हणाले.

मी पुन्हा गेले. तितकाच वेळ हात धरला आणि तसाच पळत येऊन गालावर टेकवला. या हाताची ऊब म्हणजे मघाची माझ्या बसची धाव, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. माझे डोळे भरून आले. याच माणसानं इतकी वर्षं मला रोज धड घरी पोचवलं, आणि मी त्यांचे आभार म्हणून कधी मानले नव्हते.

"मामा, तुमच्यामुळे मी आहे हो," मी म्हटलं.

"ते असू दे. चारही सारखी आहेत," त्यांनी डोळे उघडले आणि किल्ली माझ्या हातात दिली. "नीघ आता, पोरं वाट बघत असतील."