बेटावर दोघींत एक खोली

माझी आत्या ट्रकच्या वजनकाट्यावर बसते. एका मोठ्या गोदामाच्या फाटकापाशी जमिनीत लोखंडी पाटा बसवलेला आहे. ट्रक येऊन त्यावर उभा राहतो आणि शेजारच्या केबिनमधून आत्या आकडा वाचून पावती फाडते. भरलेल्या ट्रकच्या वजनातून रिकाम्या ट्रकचं वजन वजा केलं की मालाचं वजन निघतं. एकतीस वर्षं तिने हेच केलं. ड्रायव्हर तिला काटेबाई म्हणतात. तिला ते आवडतं की नाही हे आम्ही कधी विचारलं नाही आणि तिनेही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी कंपनीने ठरवलं की काटा जुना झाला, खड्डा खणून नवा बसवायचा. काम नऊ आठवड्यांचं. तोवर ट्रक दुसऱ्या फाटकावर वजन करतील आणि आत्याला पगारी सुट्टी. मॅनेजरांनी ही आनंदाची बातमी म्हणून सांगितली. आत्याने घरी येऊन मला फोन केला.

"नऊ आठवडे," ती म्हणाली. "घरी."

यात वाईट काय, हे कळायला माझ्या बाबांविषयी सांगायला हवं. बाबा आत्याचे थोरले भाऊ. तिच्याच इमारतीत एक मजला खाली राहतात. निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळ्यातलं सगळं कळतं. दर रविवारी ते चहाला वर जातात, पेपर मोठ्याने वाचतात, प्रत्येक बातमीवर आपलं मत देतात आणि जेवूनच खाली उतरतात. आत्याला सुट्टी एकच, रविवारची, म्हणून हे आठवड्यातून एकदाच होतं. नऊ आठवडे सुट्टी म्हणजे सलग त्रेसष्ट रविवार, हा हिशोब तिने बसमध्ये उभ्याउभ्याच केला होता.

शनिवारी मी तिच्याकडे गेले तर टेबलावर शाळकरी वही उघडी होती.

"बेटावर जायचं ठरवलंय," आत्या म्हणाली. "गरम हवेच्या."

"बेटावरच का?"

"विमानाने जाऊन पुढे तीन तास बोट. तुझ्या बाबांना बोट लागते."

फोनवर शोधायचं काम माझं. नारळाची झाडं, निळं पाणी, पांढरी वाळू, सगळ्या बेटांचे फोटो एकाच माणसाने काढल्यासारखे. आत्याने समुद्राकडे पाहिलंही नाही. ती प्रत्येक खोलीचा फोटो बोटांनी मोठा करून पंख्याची पाती मोजायची. गादी किती जाड, कपडे वाळत घालायला दोरी आहे का, दुकान चालत किती लांब, हे तिचे प्रश्न. पावसाळी मोसमात तिथे कुणी जात नाही, म्हणून तिकिटं निम्म्या दरात होती. तिने तोच मोसम धरला. शेवटी एका कुटुंबाच्या घरामागची एक खोली नक्की झाली. दोन खाटा, दोन खिडक्या, तीन पात्यांचा पंखा, कोपऱ्यात शेगडी.

अडचण एकच होती. खोलीचं भाडं एकाला आणि दोघांना सारखंच. एकटीने जायचं म्हणजे रिकाम्या खाटेचंही भाडं भरायचं, आणि जन्मभर रिकाम्याचं वजन वजा करत आलेल्या बाईला ते सोसणारं नव्हतं.

मग सोबतीचा शोध सुरू झाला. कंपनीतल्या कॅशियरबाई तयार होत्या, पण त्यांना डॉल्फिन बघायचे होते, आणि डॉल्फिनचं तिकीट वेगळं. शेजारीण घोरते, हे भिंतीपलीकडून एकवीस वर्षं ठाऊक होतं. माझं नाव आत्याने स्वतःच खोडलं.

"तू नळ सोडून दात घासतेस," ती म्हणाली.

वहीच्या पुढच्या पानावर सोबतीण कशी हवी ते लिहिलं होतं. सकाळी उठल्या उठल्या बोलत नाही. घोरत नाही. ताटात टाकत नाही. दिवे बंद करते. आत्याने वही माझ्याकडे सरकवली आणि ती खिडकीबाहेर बघत बसली.

"ही आई आहे," मी म्हणाले.

"माहितीये मला," आत्या म्हणाली.

आईबाबांच्या घटस्फोटाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. बाबा सांगतात की माणूस खोलीत बसलेला असताना आई दिवा बंद करायची. आईचं म्हणणं, माणूस बसलेला असायचा हे खरं, पण काही करत नसायचा. दोघांचंही खरं आहे. घटस्फोट झाला तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते आणि त्या अंधारात मीही बसले आहे.

त्यानंतर आत्या आणि आई एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. भांडण काहीच नव्हतं. आईचं कपडे अल्टर करायचं छोटं दुकान आत्याच्या बसस्टॉपच्या वाटेवर आहे, म्हणजे दिवसातून दोनदा आत्या त्यावरून जायची.

त्या सोमवारी मी आईच्या दुकानात स्टुलावर बसले होते, कारण माझ्या पँटची चेन तुटली होती. आत्या कोट घेऊन आत आली. मला पाहून ती थोडी दचकली, पण तोवर परत फिरायला उशीर झाला होता.

आईने कोट उलटा केला, अस्तर पाहिलं, सुलटा केला.

"काय करायचंय?"

"बाह्या आखूड."

"बाह्या बरोबर आहेत."

"मग चेन बदला."

"याला बटणं आहेत, वन्सं."

मी चेन पाहत असल्यासारखी खाली बघत राहिले.

"मी एका बेटावर चाललेय," आत्या म्हणाली. "त्रेसष्ट दिवस. खोलीचं भाडं दोघींत निम्मं पडेल."

आईने दाताने दोरा तोडला. "पंखा आहे?"

"आहे. तीन पात्यांचा."

"खिडकी?"

"दोन."

आईने कोटाची घडी घातली. मग म्हणाली, "अकरा वर्षं तुम्ही पलीकडच्या फुटपाथवरून जाताय."

"इकडे ऊन असतं."

"सकाळी ऊन तिकडे असतं."

आत्याने शिलाई मशीनकडे पाहिलं, मग कोटाकडे. "लाज वाटायची," ती म्हणाली. "त्या वेळी मी तुमच्या बाजूने एक शब्द बोलले नाही. आणि नंतर तुम्हाला काय म्हणून हाक मारायची तेही कळेना."

"वहिनी म्हणा. लग्न त्यांचं मोडलं. आपल्या दोघींना कुणी कागद पाठवला नव्हता."

एवढ्यावर तो विषय संपला. आईने कोट ठेवून घेतला. आठ दिवसांनी त्याला आतून अकरा खिसे लागले होते, कारण स्वस्त तिकिटावर सात किलोची एकच बॅग नेता येते, पण अंगावरच्या कोटाचं वजन कुणी करत नाही. आत्याने बॅग आधी आपल्याच काट्यावर ठेवून पाहिली होती. काट्याने शून्य दाखवलं, कारण वीस किलोच्या खालचं त्याला कळतच नाही. तिने बॅग थोडी सरकवून पुन्हा पाहिलं. मागे ट्रक थांबला होता. ड्रायव्हरने विचारलं, "काटेबाई, मी येऊ का पुढे?" शेवटी बॅगचं वजन भाजीवाल्याकडे झालं. सहा किलो नऊशे.

आईची एक अट होती. आधी घरातच चार दिवस रंगीत तालीम करायची. पैसे भरल्यावर जमत नाही असं कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. आत्याच्या घरातली मागची खोली त्यासाठी ठरली. दोन बॅगा, एक शेगडी, दोन पातेली. बाथरूम सोडलं तर बाकीचं सगळं घर समुद्र, असा नियम आईने केला. फ्रिज समुद्रात होता. टीव्हीही.

तालमीच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी भाजी आणि अंडी पोचवायला गेले होते, म्हणून पुढचं मला बघायला मिळालं. बेल वाजली. आई बाथरूममधून परतत होती, तिनेच दार उघडलं. बाहेर बाबा, काखेत पेपर.

माझ्या लग्नाची बोलणी फिसकटल्यानंतर ती दोघं समोरासमोर आलीच नव्हती, म्हणजे चार वर्षं.

"तू इथे काय करतेस?"

"आम्ही बेटावर आहोत," आई म्हणाली.

बाबांनी आत डोकावून पाहिलं. मागच्या खोलीत आत्या खाटेवर बसून अंडं सोलत होती. ती भावाला बघून उठली नाही.

"दादा, चहा इथे मिळणार नाही," ती म्हणाली. "दूध फ्रिजमध्ये आहे आणि फ्रिज लांब आहे."

"फ्रिज हा काय."

"तुला दिसतोय. आम्हाला नाही."

बाबा बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसले. कुणीतरी समजावून सांगेल म्हणून थोडं थांबले. मग मी सांगितलं. बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि पेपर दुमडला.

"तिघांना खोली अजून स्वस्त पडेल," ते म्हणाले.

आत्याने वही उचलली. हिशोबाने ते बरोबर होतं, आणि हिशोबाने बरोबर असलेली गोष्ट नाकारायची तिला सवय नव्हती.

"बोट आहे," आई आतून म्हणाली. "तीन तास."

बाबा आणखी थोडा वेळ बसले. मग उठून स्वतः फ्रिजमधून दूध काढलं, गॅसवर तीन कप चहा केला, दोन कप मागच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवले आणि आपला कप घेऊन खाली गेले. मी त्यांना चहा करताना पहिल्यांदाच पाहत होते. आईने कपांकडे पाहिलं. आत्यानेही.

"हा वाहत आलाय," आई म्हणाली, आणि दोघी प्यायल्या.

चौथ्या दिवशी तालीम संपली तेव्हा दोघी अहोजाहोवरून अगंतूगंवर आल्या होत्या. मी तिकिटं काढली. बदलता न येणारी, पैसे परत न मिळणारी, सगळ्यांत स्वस्त.

जायला तीन आठवडे उरले असताना मॅनेजरांनी आत्याला बोलावलं. खड्डा खणणाऱ्या कंत्राटदाराने तारीख चार महिने पुढे ढकलली होती.

"तुमची सुट्टी आता तेव्हा," मॅनेजर म्हणाले.

"माझं तिकीट बारा तारखेचं आहे."

"बदलून घ्या."

"बदलत नाही. स्वस्तातलं आहे."

"मग काट्यावर कोण बसणार?"

एकतीस वर्षांत हा प्रश्न जेव्हा जेव्हा निघाला तेव्हा आत्याच बसली होती. तापात, बहिणीच्या लग्नाच्या दिवशी अर्धा वेळ, आजी गेली त्याच्या तिसऱ्या दिवशी. तिची साठलेली रजा दोनशे चौदा दिवस होती. तिने ती वापरायचा विचारच केला नव्हता, जशी आपण घरातली चांगली भांडी वापरत नाही.

"तुम्ही," आत्या म्हणाली.

मॅनेजरांना वाटलं ती गंमत करतेय. तिने आयुष्यात गंमत केली नव्हती, हे त्यांना हळूहळू आठवलं. नंतर तिने मला सांगितलं की केबिनमध्ये परत आल्यावर तिने एकाच ट्रकचं वजन दोनदा केलं आणि दोन्ही वेळा आकडा लिहायला विसरली. पुढचे तीन दिवस तिने मॅनेजरांना शेजारी बसवून शिकवलं. पहिल्याच पावतीवर त्यांनी भरलेला आणि रिकामा यांची अदलाबदल केली, आणि एका ट्रकमध्ये उणे नऊ टन सिमेंट निघालं. आत्याने पावती फाडून नवी दिली. ती त्यांना काही बोलली नाही, पण मॅनेजरांना नाही म्हटल्यापासून धसक्याने गेलेली तिची भूक त्या दिवशी परत आली.

बारा तारखेला दोघी गेल्या. अंगात कोट, बाहेर कडक ऊन.

पुढचं मला फोनवरून कळलं. समुद्र खोलीपासून पाच मिनिटांवर होता आणि पहिल्या दिवशी पाण्यात उतरल्यावर उघड झालं की दोघींनाही पोहता येत नाही. प्रत्येकीने धरून चाललं होतं की दुसरीला येत असेल. मग त्या रोज सकाळी गुडघाभर पाण्यात उभ्या राहायच्या, पाऊण तास, आणि परत यायच्या. पहिल्या महिन्यात एकोणीस दिवस पाऊस पडला. पत्ते खेळताना आई लबाडी करते, हे आत्याला साठीजवळ आल्यावर समजलं.

तिसऱ्या आठवड्यात पंख्यावरून भांडण झालं. आई झोपेतून उठून तो बंद करायची. तीन दिवस दोघी एकमेकींशी बोलल्या नाहीत. आत्या मला फोन करून सांगायची, "तुझ्या आईला सांग, पंखा चालू ठेव." मी दुसऱ्या फोनवरून आईला फोन करायचे. आईचा फोन वाजलेला मला आत्याच्या फोनमधून ऐकू यायचा. चौथ्या दिवशी अख्ख्या बेटाची वीज गेली आणि भांडायला विषय उरला नाही. वीज दोन दिवस नव्हती. त्या दोन दिवसांत त्या काय बोलल्या ते मला दोघींपैकी एकीनेही सांगितलेलं नाही.

नंतर घरमालकिणीने आईकडून घरभर पडदे शिवून घेतले आणि मोबदल्यात तीन आठवडे खोली फुकट दिली. आत्याने मॅनेजरांना कळवलं की ती आणखी एकवीस दिवस येणार नाही. उत्तर आलं, ठीक आहे, फक्त ओल्या वाळूच्या वजनाचं काय करायचं ते कळवा. तिने कळवलं. परतीची तिकिटं बुडाली, नव्यांचे पैसे भरावे लागले. ते दोघींनी निम्मे निम्मे भरले आणि त्यावर फार चर्चा केली नाही, यावरून मला कळलं की त्यांचं बरं चाललंय.

इकडे बाबा दर रविवारी माझ्याकडे यायला लागले. पेपर घेऊनच. दुसऱ्या रविवारी मी त्यांना म्हटलं, चहा तुम्ही करा. त्यांनी केला. मग दर रविवारी तेच करायचे. वाचता वाचता ते मधेच थांबून विचारायचे, "तिकडे पाऊस आहे का?" कुणाकडे, ते म्हणायचे नाहीत.

परतायच्या दिवशी मी आणि बाबा विमानतळावर गेलो. दोघी बाहेर आल्या, अंगात तेच कोट, खिसे रिकामे आणि लोंबणारे. बाबांनी बहिणीची विचारपूस केली. मग आईकडे वळले, आणि काय म्हणायचं ते त्यांनी ठरवून आणलेलं नव्हतं हे दिसत होतं.

"बारीक झालीस," ते म्हणाले.

"हो," आई म्हणाली.

"टॅक्सी करू."

"नको," दोघी एकदमच म्हणाल्या.

बस पस्तीस मिनिटांनी आली. चौघांना एकत्र जागा मिळाली नाही. दोघी खिडकीपाशी बसल्या, मी त्यांच्या मागे, आणि बाबा पुढच्या बाकावर. बस सुटल्यावर ते मागे वळले आणि पाणी तिथे कितपत खारट असतं, असं त्यांनी विचारलं. आत्याने सांगायला सुरुवात केली, आईने मधेच तिला तोडलं, आणि बाबा मान वाकडी करून शेवटच्या स्टॉपपर्यंत ऐकत राहिले.