वरच्या तारेच्या हातभर वर

जैसलमेरला जायचं आम्ही ठरवलं नव्हतं. काम निघालं म्हणून गेलो. सोलापुरात मी ज्या वीज कंत्राटदाराकडे कागदपत्रं सांभाळतो, त्याला वाळवंटातल्या एका उच्चदाब वाहिनीवर चकत्या बसवायचं काम मिळालं. या चकत्या तळहाताएवढ्या असतात. वाऱ्यावर फिरतात, उन्हात चमकतात. उडत्या पक्ष्याला त्यामुळे तार लांबून कळते. तिकडे अजून माळढोक पक्षी आहेत आणि ते तारांवर आपटून मरतात. एवढं मला कामाच्या कागदांवरून माहीत होतं.

आमचे फोरमन सिद्रामकाका यांना ते घरातून माहीत होतं. त्यांचं गाव सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगत. त्यांचे वडील, आण्णा, माळावर वनरखवालदार होते. निघायच्या दिवशी मी काकांना घ्यायला गावी गेलो, तेव्हा आण्णा ओसरीत बसले होते. काचबिंदूनं त्यांची नजर गेली आहे.

"आण्णा, माळढोकाचा फोटो काढून आणतो," मी म्हणालो.

"फोटो मला कुटं दिसतुया. सिद्राम बघून येऊ दे. आपल्या माळावर आता कोन न्हाय म्हनत्यात. तितं तरी हाय का, एवढंच मला येऊन सांगा."

मग ते काकांकडे तोंड करून म्हणाले, "मान खाली घालून चरत असला, तरच त्याला बघितलास. त्यानं मान वर केली, की आपन लई जवळ गेलो म्हनायचं. तितनं मागं फिरायचं."

"व्हय," काका म्हणाले.

जाणाऱ्यांसाठी थोडं रस्त्याबद्दल. सोलापूरहून पुणे, पुण्याहून जोधपूरची रेल्वे, जोधपूरहून जैसलमेरला रेल्वे किंवा बस, आणखी पाच-सहा तास. घरून निघाल्यापासून आमचे दोन दिवस गेले. बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी होती. वाळवंटाच्या कोरड्या हवेत कडक भाकरीला काही होत नाही. फेब्रुवारीत जा. दुपारी ऊन सोसवतं, पण पहाटे स्वेटर लागतो. तो आम्ही नेला नव्हता. सोलापूरच्या माणसाला वाळवंट म्हणजे फक्त ऊनच वाटतं.

पोचल्यावर कळलं की वाहिनी बंद ठेवायची परवानगी तीन दिवस उशिरा मिळणार. तारेत वीज असताना आमचं काम होत नाही. साहित्य मोजून ठेवलं आणि तीन दिवस मोकळे मिळाले.

पहिल्या दिवशी किल्ला पाहिला. पिवळ्या दगडाचा, आणि आत अजून माणसं राहतात. दारांत कपडे वाळतात, पायऱ्यांवर लसूण सोलतात. सकाळी आठच्या आत जा, नंतर गल्ल्यांत पाय ठेवायला जागा नसते. सगळे नक्षीचे सज्जे पाहत होते. सिद्रामकाका त्या सज्ज्यांवरून गेलेल्या विजेच्या वायरींकडे पाहत होते.

"हितला वायरमन सापडला पायजे," ते म्हणाले. "एकदा भेटून घेतो त्याला."

"काका, तुम ताजमहल बी गये तो पैले मीटर देखेंगे," इरफान म्हणाला. इरफान आमचा लाइनमन, सोलापुरातच वाढलेला, काकांबरोबर पंधरा वर्षं काम केलेला. काकांना असं बोलायची मुभा आमच्यात त्याला एकट्याला आहे.

दुसऱ्या दिवशी सम गावाजवळच्या वाळूच्या टेकड्यांवर गेलो. शहरापासून जीपनं तासाभराचा रस्ता, सरळ आणि चांगला. दोन्ही बाजूंना पवनचक्क्या आणि तारा. वाटेत एका ढाब्यावर बाजरीची रोटी, कढी आणि केर-सांगरीची भाजी मिळाली. वाळवंटातल्या झुडपांची फळं आणि शेंगा वाळवून ती करतात. आंबट, तुरट. काकांनी दोनदा मागून घेतली.

टेकड्यांवर गर्दी होती. गाणी मोठ्यानं लावलेली, वाळूत प्लॅस्टिकच्या बाटल्या. इरफान उंटावर बसला.

"काका, बैठो की. फोटू निकालतूं."

"रोज टॉवरवर चढतुया. उंट कशाला."

काका उंटवाल्यांपाशी जाऊन त्यांच्या हिंदीत एकच गोष्ट विचारत होते. माळढोकाला तिकडे गोडावण म्हणतात. "गोडावण देखे क्या? कब देखे?" बहुतेक जण हसून मान हलवत. एकानं आमच्या जीपच्या चालकाकडे बोट केलं. त्याचं नाव पूनाराम. त्याचं गाव तिथून जवळच होतं.

परत येताना, बरंच अंतर गेल्यावर, पूनाराम म्हणाला की त्याच्या गावच्या ओरणीत एक येतो. ओरण म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं गवताचं रान. तिथं कुणी झाड तोडत नाही, नांगर घालत नाही. "सुबह ले जाऊंगा. पर गाडी से उतरना नहीं. दरवाज़ा भी नहीं खोलना."

आम्ही तिघांनी हो म्हटलं. मीही म्हटलं.

इथे एक सांगतो. समजवळच्या राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत परवानगीशिवाय जाता येत नाही आणि जाऊ नये. ओरणीतसुद्धा त्या गावच्या माणसाशिवाय जाऊ नका. खरं तर, हा मजकूर संपल्यावर तिथं जावंसं वाटलंच, तर आधी थोडं थांबा.

तिसऱ्या दिवशी उजाडताना पोचलो. गुडघ्याएवढं गवत, मधे बोरीची झुडपं. काका म्हणाले, "आपला माळच की ह्यो." ओरणीच्या पलीकडच्या कडेनं आमचीच वाहिनी गेली होती. त्या टप्प्यावर चकत्या अजून बसायच्या होत्या. कामाच्या क्रमात तो टप्पा शेवटचा होता. तो क्रम मी लावला होता, गोदामापासूनच्या अंतराप्रमाणे.

पूनारामनं जीप बंद केली. अर्धा तास काहीच दिसलं नाही. मग काकांनी हात माझ्या गुडघ्यावर ठेवला.

तो दोन शेतं लांब होता. पांढरी मान, डोक्यावर काळी टोपी, पाठ गवताच्या रंगाची. मान खाली होती. चार पावलं टाकायचा, काही टिपायचा, पुन्हा चार पावलं. घाई नव्हती. काकांचा श्वास मला ऐकू येत होता.

माझ्या बाजूची काच धुळीनं माखली होती आणि ती खाली होत नव्हती. मला फोटो हवा होता. आण्णांसाठी नाही, त्यांना तो दिसणार नव्हता. या लेखासाठी हवा होता. मी दार वीतभर उघडलं. बिजागरी वाजली.

पक्ष्यानं मान वर केली.

मी बटण दाबलं. तेवढ्यात तो पळू लागला आणि उडाला. जड पक्षी आहे, उंची गाठायला त्याला वेळ लागतो. तो सरळ तारांच्या दिशेनं गेला. नंतर पूनारामनं सांगितलं की या पक्ष्याला बाजूचं पुष्कळ दिसतं, समोरचं कमी. त्या वेळी इरफान हळू आवाजात "उप्पर, उप्पर" म्हणत होता. काका पुढं वाकले होते. तार करडी, आभाळ करडं. मलाही ती दिसत नव्हती, आणि मला तर ती कुठे आहे हे माहीत होतं.

तो वरच्या तारेवरून गेला. हातभर अंतर असेल. पुढे लहान होत होत दिसेनासा झाला.

मी दार लावून घेतलं. पूनारामनं गाडी वळवली. वाटेत मी म्हणालो, "काका, चुकलं माझं." ते बाहेर पाहत होते. तसेच पाहत म्हणाले, "उद्या आधी ह्यो टप्पा घेऊ." इरफाननं मला बिडी पुढे केली. मी ओढत नाही, त्यालाही ते ठाऊक आहे.

दुसऱ्या दिवशी वाहिनी बंद झाली. मी कागदावरचा क्रम उलटा केला. साहित्य लांब न्यावं लागलं, अर्धा दिवस वाया गेला. ओरणीच्या टप्प्यावर काका स्वतः चढले. फोरमननं चढायची गरज नसते. ते तारेला टांगलेल्या झुल्यात बसून पुढे सरकत, एकेक चकती आवळत गेले. मी खालून मोजत होतो. संध्याकाळी सगळ्या चकत्या वाऱ्यावर फिरू लागल्या. आम्ही ओरणीच्या कडेला थांबून पाहिलं. पक्षी आला नाही. पुढचे अकरा दिवसही आला नाही.

परत आल्यावर मी काकांना गावी सोडायला गेलो. मला फाटकातूनच परतायचं होतं. ते म्हणाले, "आत या."

आण्णा त्याच जागी बसले होते.

"हाय का?"

"हाय, आण्णा. नर हुता. दोन शेतं लांब."

"मान?"

"खाली. चरत हुता." काका थांबले. पुढचं ते सांगणार नव्हते, हे माझ्या लक्षात आलं. त्यांनी माझी चूक वगळली होती.

"नंतर वर केली, आण्णा," मी म्हणालो. "मी दार उघडलं. तो उडाला, तारांकडे गेला."

आण्णांनी तोंड माझ्याकडे वळवलं. आतून काकू चहाच्या कपबश्या घेऊन आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या.

"लागला?"

"नाही. वरच्या तारेवरून गेला. हातभर वर."

आण्णांनी उजवा हात डोक्याच्या वर आडवा धरला. "ही तार?"

"हां."

मग डाव्या हाताची कोपरापासूनची लांबी त्या हातावर उभी धरली. "एवढा वर?"

मी पुढे होऊन त्यांचा डावा हात थोडा खाली आणला. तेवढंही अंतर नव्हतं.

"एवढा," मी म्हणालो.

त्यांनी हात तसेच धरून ठेवले. चहा निवला तरी खाली घेतले नाहीत. काकांनी मला बसायला सांगितलं नाही आणि जा असंही म्हटलं नाही.

मी काढलेला फोटो बरा आला आहे. त्यात पक्ष्याची मान वर आहे. म्हणून इथे लावलेला नाही.