दुसऱ्या प्लेटचा फोटो

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही माझ्या घरचे नाही—बहुतेक म्हणूनच.

मी मुंबईत एका लॅबमध्ये काम करते. तोंडाच्या कॅन्सरच्या पेशी प्लेटमध्ये वाढवायच्या, त्यांच्यावर नवं रसायन घालायचं, किती मरतात ते बघायचं. शेवटी एक रंग घालतात. जगलेल्या पेशी जांभळ्या होतात, मेलेल्या पिवळट राहतात. आणि खरं सांगू? प्लेटमधल्या पेशी मारणं ही काही मर्दुमकी नाही. स्वयंपाकघरातलं व्हिनेगर ओतलं तरी मरतील.

हे मला ठाऊक होतं. तरी पहिली प्लेट पिवळीच राहिली, तेव्हा मी तिचा फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला. ‘आपलं औषध लागू पडलं!’ औषध—हा शब्द माझाच. मिरवायची हौस, दुसरं काय?

आत्याला तेव्हा नुकताच गालाच्या आत कॅन्सर निघाला होता. किहीमजवळ राहणारी माझी आत्या. आई गेल्यावर मला तिनेच वाढवलं. जेवण झालं की चिमूटभर मिशरी दातांना लावून ओटीवर बसायची. डॉक्टर म्हणाले होते, लवकर ऑपरेशन करा. जबड्याचा तुकडा जाईल, पण बाई वाचेल. ती मात्र मुलाच्या मोबाइलवरचा तो फोटो गावभर दाखवत हिंडत होती.

मग दुसरी प्लेट आली. तेच रसायन, पण हिरडीच्या निरोगी पेशींवर. त्याही मेल्या. सगळ्या. म्हणजे ते औषध नव्हतंच, नुसतं विष होतं. त्या प्लेटचा फोटो मी काढला नाही.

त्यानंतर गावी गेले होते. परतताना आत्या मला मांडव्याच्या जेट्टीवर सोडायला आली. हातात माझ्यासाठी पांढऱ्या कांद्यांची माळ. बोट लागलेली. तिने सरळच विचारलं, "तुजं औषद येनार हाय ना गो? मंग मी ह्यो जबडा कशाला कापू?"

नाही म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण ती बघत होती माझ्याकडे—केवढ्या अभिमानाने! तिच्या नजरेतून उतरणं मला जमलं नाही. म्हणाले, "येईल. जरा कळ काढ."

ती थांबली. ऑपरेशनची तारीख तिने स्वतः पुढे ढकलली, मग आणखी पुढे. मी फोनवर "काम चाललंय" म्हणत राहिले. गाठ मानेत उतरली आणि डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढणं सोडलं.

शेवटची भेटायला गेले तेव्हा तिचं तोंड उघडत नव्हतं. नळीतून पातळ पेज जायची. तिने सुनेला खुणेने काहीतरी सांगितलं. वहिनी म्हणाली, "त्या म्हनतायत, औषदापायी जिवाला तरास करू नको. किती वाळलीस. आदी जेव."

वहिनीने तिथेच ताट वाढलं. भात आणि सुकटीचं कालवण. मी नीट खातेय ना, हे आत्या उशीवरून मान वळवून बघत राहिली. मी जेवले. पुन्हा भात मागून घेतला.