वाघिणीचं घर बघायला

मुलीसाठी स्थळ बघायचं तर माझ्या आईनं, असा परळच्या आमच्या चाळीत तिचा मान होता. कुणाच्या लेकीचं जमत आलं की घर बघायला तिला सोबत न्यायचे. सोफा, टीव्ही, शोकेस यांकडे ती ढुंकून बघायची नाही. पाणी मागायची आणि "राहूंदे, मीच घेतंय" म्हणत सरळ आत शिरायची. "भायली खोली कोणय सजयता," म्हणायची, "मागीलदारी जावन बघूक व्हया." मोरी कशी आहे, घरातली आधीची सून हसून बोलते की मान खाली घालून, आणि तिला घटकाभर कुणाच्या नजरेआड बसायला जागा आहे का, एवढंच ती बघायची. जागा नसली तर स्थळ बाद.

ही विद्या मला म्हातारपणी प्राणीबाग निवडायला उपयोगी पडेल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

झालं असं. माझी नात, लेकीची लेक, आठ वर्षांची. बोलायला लागल्यापासून तिचं एकच, मी प्राण्यांची डॉक्टर होणार. चाळीतल्या मांजरांना बँडेज बांधून बांधून तिनं माझ्या जुन्या साड्यांच्या चिंध्या केल्या. सुट्टीत आईबापांबरोबर ती कुठल्याशा रिसॉर्टला गेली. तिथे पंख कापलेला पोपट खांद्यावर ठेवून फोटो काढून देत होते. पोपट उडायला बघायचा, पडायचा, आणि लोक हसायचे. पोर घरी आली ती गप्पच. पुढे कुणी डॉक्टरकीचं विचारलं की म्हणायची, "नाही व्हायचंय मला. मला प्राणी बघायचेच नाहीत." दारात मांजर आलं तरी तोंड फिरवायची. माझं काळीज तुटायचं. आणि संताप यायचा त्या फोटोवाल्या मेल्याचा. पोपटाचे कापलेस ते कापलेस, माझ्या पोरीचे पण पंख कापलेस?

जावई म्हणाला, "आई, विसरेल ती." मी म्हटलं, विसरते कसली! तिला चांगलं काय असतं ते दाखवायला हवं. पण आधी मी एकटी जाऊन बघणार. दुसऱ्यांदा असलंच काही दिसलं तर पोर कायमची तोंड फिरवेल.

पहिलं स्थळ एका मॉलमधलं मत्स्यालय. दिवे काय, गाणी काय, लग्नाचा हॉलच! एवढ्याशा काचेत एक भलामोठा मासा नुसता गोल गोल फिरत होता, लपायला एक दगड नाही. पोरं काचेवर थापा मारत होती आणि राखणदार मोबाईलमध्ये. आम्ही मालवणी माणसं, मासा दिसला की आधी तिरफळ घातलेली आमटी आठवते. पण त्याला बघून मला तीही आठवली नाही. स्थळ बाद.

दुसरी बाग, बसनं जाण्यासारखी. तिकीट काढतानाच मी विचारलं, "प्राण्यांना सुट्टी असते का हो?" खिडकीतला माणूस आधी माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "आजी, आठवड्यातून एक दिवस गेट बंद असतं." बरं वाटलं. आत शेंगदाणे टाकणाऱ्या एका गृहस्थाला गार्डनं चक्क हाताला धरून बाजूला नेलं. वा रे पठ्ठ्या! पुढे बिबट्याच्या मादीचं घर होतं. कोकणात आम्ही बिबट्यालाही वाघच म्हणतो, तेव्हा माझ्यासाठी ती वाघीण. तिला झाडं होती, मचाण होतं, पाण्याचं टाकं होतं आणि मागे दगडांची गुहा. विहिरीत पडून पाय अधू झाला, आता जंगलात सोडता येत नाही, असं पाटीवर लिहिलं होतं. झाडू मारणाऱ्या बाईला मी विचारलं, "आत जाऊन बसली तर बाहेर काढतात का गो तिला?" ती हसली. "नाय ओ मावशी. तिची मर्जी."

तिथेच स्थळ पसंत. मी मनातल्या मनात त्या बागेवर अक्षता टाकल्या.

नातीला तयार करताना मात्र नाकी नऊ आले. शेवटी म्हटलं, "नाही आवडलं तर त्याच पावली मागे फिरायचं. आजीचा शब्द." मग माझा पदर धरून आली. काचेपुढे उभ्या राहिलो, तर वाघीण गुहेत! अंधारात काहीतरी हललं, शेपटीचं टोक असावं. लोक येत होते, "पैसे फुकट" म्हणत जात होते. ऊन चढलं, माझे गुडघे ठणकायला लागले. मनात म्हटलं, अगो, एवढं तुझं घर पारखून घेतलं, पोरीसाठी एकदा तोंड तरी दाखव! आणि न राहवून मी टाळ्या वाजवल्या, मोठ्यानं हाक मारली, "ये गो बाये, बाहेर ये! बघ कोण आलंय!"

नातीनं माझे हात धरले. "आजी, नको ना बोलवू. तिला नाही यायचंय."

मी चपापले. मला एकदम मीच आठवले. आमची एवढीशी खोली, पुढे बसलेले पाहुणे, आणि दोरीवर टाकलेल्या साडीमागे पोह्यांच्या बशा घेऊन उभी असलेली मी. "ये गो बाये, बाहेर ये," अशीच हाक आली होती, आणि ती आईनंच मारली होती. दुसऱ्यांच्या सुनांना नजरेआडची जागा शोधणारी माझी आई! तिचा तरी काय इलाज होता म्हणा. मला मात्र जायचं नव्हतं. आज मी मुलीकडची म्हणून आले होते आणि मुलाकडच्यांसारखी हाका मारत होते.

"बरोबर आहे तुझं," मी म्हटलं. "तिचं घर आहे."

मग आम्ही बाकावर बसलो. वाघीण काही आली नाही. पण पोर त्या गुहेकडे टक लावून बघत होती. एकदाही तिनं तोंड फिरवलं नाही.

निघताना गेटवरच्या गार्डनं विचारलं, "दिसली का?"

"नाही. तिचा मूड नव्हता," नात तोऱ्यात म्हणाली.

बसमध्ये तिनं खिडकीची जागा पकडली. मग म्हणाली, "आजी, तिचा पाय दुखत असला आणि डॉक्टर आली, आणि ती अशीच आत बसून राहिली तर?"

माझे डोळे भरले. पदरानं पुसत म्हटलं, "तर डॉक्टरनं बाहेर बसून राहायचं."

"किती वेळ?"

"ती येईपर्यंत."

तिनं जरा विचार केला. "मग मला एक स्टूल लागेल," म्हणाली.