काल काय झालं, ते आधी सांगा

"बॉनेट राहू द्या. आधी सांगा, काल काय झालं?"

बंद पडलेली गाडी ढकलत नाहीतर ट्रॅक्टरला बांधून कोणी आप्पांच्या गॅरेजसमोर आणली, की त्यांचं पहिलं वाक्य हे असायचं. घामाघूम झालेला मालक बॉनेट उघडायला जायचा आणि आप्पा दुरूनच पंजा दाखवून त्याला थांबवायचे. त्याला बाकड्यावर बसवायचे, माठातलं पाणी द्यायचे आणि विचारायला लागायचे. काल कुठं गेलता? डिझेल कुठं टाकलं? रात्री गाडी उभी केली तर तोंड चढाला होतं का उताराला? मालक वैतागायचा. गाडी सुरू होत नाही आणि हा माणूस कालची हकीकत विचारतोय! पण सांगता सांगता त्यालाच काहीतरी आठवायचं आणि आप्पा उठायचे.

सेलूत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांचं गॅरेज होतं, आणि रस्त्याच्या या बाजूला माझं स्पेअर पार्टचं दुकान आहे. बरीच वर्षं आम्ही एकमेकांची तोंडं बघत धंदा केला. तसा हा शेजार माझ्या फायद्याचा नव्हता. दुसरे मिस्त्री गाडी आली की आधी माझ्याकडे सामानाला माणूस पाठवतात; आप्पा मात्र जुनाच भाग पुसून परत बसवायचे. मी तक्रार केली की म्हणायचे, "तुमचं सामान काय नासायलंय का? राहू द्या की फळीवर."

माणूस ठेंगणा, रुंद खांद्यांचा. कपाळावर भस्माचे पट्टे. सकाळची पूजा झाल्याशिवाय पान्याला हात लावायचे नाहीत, मग दारात कोणी का उभा असेना. इंजिनावर वाकण्याआधी गळ्यातलं इष्टलिंग शर्टाच्या आत नीट सारायचे आणि वरचं बटण लावायचे.

डिझेलची गाडी सुरू का होत नाही, हे बघण्याची त्यांची रीत तुम्ही पाहायला हवी होती. सगळे मिस्त्री गाडीच्या पुढे जातात, आप्पा मागे जायचे. सायलेन्सरपाशी उकिडवे बसायचे आणि हात वर करून म्हणायचे, "मारा." मालकानं स्टार्टर मारला की हे नळकांड्याकडे बघत राहायचे. धूर पांढरा आला तर डिझेल पोचतंय पण पेटत नाही. मग हीटर प्लग बघायचे. धूरच आला नाही तर डिझेल पोचतच नाही. मग पुढे येऊन पंपाजवळ कान न्यायचे आणि म्हणायचे, "नुसती चावी फिरवा. मारू नका." चावी फिरवली की पंपावरची डिझेलची झडप उघडते आणि 'टिक' असा बारीक आवाज होतो. रस्त्यावरून उसाचा ट्रक जात असला तरी तो टिक आप्पांना ऐकू यायचा. त्या कानाचा त्यांना फार गर्व होता. "मशीन लावून बघतेत आजकाल," म्हणायचे, "माझं मशीन देवानं दोन्ही बाजूला बसवूनच पाठवलंय."

नव्या, सेन्सरच्या गाड्यांना ते हात लावत नसत. "ही गाडी न्हाई, मोबाइल हाय. परभणीला न्या," म्हणून वाटेला लावायचे. आणि कधी अंदाज चुकलाच, तर दिवसभर कोणाशी बोलायचे नाहीत. अशा दिवशी त्यांच्याकडे चहा पाठवला तर कप भरलेलाच परत यायचा.

एकदा कापसाचे एक व्यापारी आपली गाडी घेऊन आले. बरोबर नवे जावई, पहिल्या सणाला आलेले. आप्पांनी काल काय झालं विचारलं. व्यापारी म्हणाले, "काही नाही. जावईबापू सिनेमाला घेऊन गेले होते, येताना डिझेल टाकून आणलं." आप्पांनी टाकीचं झाकण काढून वास घेतला, मग जावयाकडे बघितलं. जावयाचा चेहरा उतरलेला. आप्पांनी झाकण लावलं आणि म्हणाले, "टाकीत कचरा आलाय. धुवावी लागल. जुन्या गाडीला व्हतंय असं." संध्याकाळी मी विचारलं, तेव्हा हळूच म्हणाले, "पेट्रोल टाकलतं पोरानं. पण सासरा जन्मभर सांगत बसला असता की हो."

गजानन त्यांच्याकडे पहिल्यांदा आला तो कापसाच्या हंगामात. सेलूपासून जवळच्याच एका खेड्यातला, तिशीतला शेतकरी. वडिलांना तो दादा म्हणायचा; त्यांच्या किडन्या निकामी झालेल्या. आठवड्यातून दोनदा त्यांना डायलिसिसला परभणीला न्यावं लागायचं, आणि त्यासाठीच त्यानं ही जुनी डिझेल कार घेतली होती. ती सुरू होईना. आप्पांनी नेहमीसारखं विचारलं, गजानननं सांगितलं, आप्पांनी मान हलवली. मागे बसून धूर बघितला. धूर नव्हता. पुढे येऊन चावी फिरवायला सांगितली आणि म्हणाले, "टिक झालं. करंट हाय. पंप गेलाय."

पंप उतरवून परभणीला पाठवला. तो दुरुस्त होऊन यायला काही दिवस गेले. आला, बसवला, आणि गाडी तशीच मुकी. मग गजानननं ती ओढून दुसऱ्या मिस्त्रीकडे नेली.

दोन-तीन दिवसांनी तो गॅरेजवर आला. भांडायला आला असेल म्हणून मी रस्ता ओलांडून गेलो. पण तो शांत होता.

"आप्पा, वायर तुटली होती," तो म्हणाला. "पंपाकडं जाणारी. उंदरानं कुरतडली."

आप्पा त्याच्या तोंडाकडे बघत राहिले.

"मी तुमाला सांगितलं होतं की. काल बॉनेटमधून उंदीर निघाला म्हणून. तुमी मान हलवली."

आप्पा म्हणाले, "काय?"

गजाननला ते आव्हान वाटलं. त्याचा आवाज चढला. "उंदीर, आप्पा! उंदीर निघाला म्हणलं होतं मी! टिक झालंच न्हाई त्या दिवशी. गाडी उभी, म्हणून दादाला एसटीनं न्यावं लागलं. येताना उभं राहून आले. स्टँडवर चक्कर येऊन पडले."

या वेळी आप्पांना सगळं ऐकू गेलं. गजानन गेल्यावर त्यांनी पाने गोळा केले, शटर ओढलं आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी गॅरेज उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही.

मग त्यांच्या पत्नी, अक्का, माझ्या दुकानात आल्या. इतक्या वर्षांत त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

"भाऊ, तुमाला म्हणून सांगते," त्या म्हणाल्या, "यांना ऐकूच येईना झालंय. वर्ष झालं असल. कुकरच्या शिट्ट्या झाल्या तर मलाच इचारतेत, झाल्या का म्हणून. आणि मी काही बोलले तर म्हणतेत, तूच हळू बोलायलीस. मी! सगळी गल्ली मला हळू बोल म्हणती आणि हे असं म्हणतेत!"

त्या हसल्या आणि हसता हसता पदर तोंडाला लावला.

मी घरी गेलो. आप्पा ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. मी जवळ बसून मोठ्यानं म्हटलं, "डॉक्टरकडं जाऊ."

"इतकं वरडू नका. आता कळायलंय मला," ते म्हणाले. मग म्हणाले, "टिक झालं असंच वाटलं हो. खरंच वाटलं. इतकी वर्षं ऐकलंय, डोक्यातच वाजत असल."

परभणीच्या डॉक्टरांनी तपासलं. जन्मभर इंजिनांजवळ काढल्यामुळे कानाच्या नसा गेल्यात, परत येणार नाहीत, असं सांगितलं आणि मशीन दिलं. मशीननं माणसांचं बोलणं कळायला लागलं. पण इंजिनाचा आवाज त्यातून वेगळाच यायचा. "पत्र्याच्या डब्यात खडे घालून कोणी हलवायलंय असं वाटतंय," म्हणायचे. ते गॅरेजवर यायचे, शटर अर्धं उघडून बाकड्यावर बसायचे. गाडी आली की हातानंच पुढच्या मिस्त्रीची दिशा दाखवायचे. शेजारी असून मला त्यांच्याकडे बघवत नसे.

थंडीच्या दिवसांत एका सकाळी ट्रॅक्टरमागे बांधलेली तीच कार आली. गजानन स्टिअरिंगवर, मागच्या सीटवर शाल गुंडाळलेले त्याचे वडील. डायलिसिसचा दिवस. दुसऱ्या मिस्त्रीचं दुकान बंद होतं, तो लग्नाला गेला होता. गजानननं नातेवाइकाच्या जीपसाठी फोन केला होता, पण जीप मानवतहून यायची होती.

मी रस्ता ओलांडून गेलो. आप्पा बाकड्यावरून उठले नाहीत. गजानन त्यांच्यासमोर येऊन उभा राहिला.

"आप्पा, बघता का?"

"माझ्यानं चुकलं तर?"

"चुकलं तर जीप यायलीच हाय."

आप्पांनी मागच्या काचेतून म्हाताऱ्याकडे बघितलं. मग खिशातून मशीन काढून कानात बसवलं.

"सांगा. काल काय झालं?"

"काल काहीच न्हाई. दिवसभर चालली. रात्री लावली, सकाळी सुरूच होईना."

"परत सांगा."

गजानननं परत सांगितलं. आप्पांनी तिसऱ्यांदा सांगायला लावलं. मग विचारलं, "तोंड कुठं होतं?"

"गोठ्यासमोर चढ हाय. तोंड वर."

"याच्या आधी असं झालतं?"

"सकाळी जरा वेळ घेऊ लागली होती. आठ-दहा दिवस झाले."

आप्पांनी मशीन काढून खिशात ठेवलं, वरचं बटण लावलं आणि गाडीच्या मागे जाऊन बसले. हात वर केला. गजानननं स्टार्टर मारला. धूर नाही. मग पुढे येऊन मला खूण केली, कान पंपाशी न्या. चावी फिरवली. टिक झालं. मी मान हलवली. त्यांचं समाधान झालं नाही, त्यांनी माझा हात धरून विचारलं, "नक्की?" मी परत चावी फिरवायला लावली आणि परत मान हलवली.

मग त्यांनी डिझेल फिल्टरवरचा नट सैल केला आणि त्याच्याजवळचा, डिझेल ओढायचा छोटा हातपंप दाबायला लागले. डिझेलऐवजी फेस आला. कुठून तरी हवा शिरत होती. चढावर तोंड करून उभ्या राहिलेल्या गाडीतलं डिझेल रात्रभरात मागे टाकीकडे उतरत होतं. आप्पांनी डोळे मिटले आणि टाकीकडून येणाऱ्या रबरी पाइपवरून बोट फिरवत गेले. क्लिपजवळच्या वळणावर थांबले. बोट माझ्यासमोर धरलं. ओलं होतं. वाकवल्यावर पाइपला केसाएवढी चीर दिसली.

मी धावत जाऊन पाइपचा तुकडा घेऊन आलो. त्यांनी तो बसवला, फेस संपून निखळ डिझेल येईपर्यंत हातपंप दाबत राहिले आणि नट आवळला. मग तळहात मडगार्डवर सपाट ठेवला आणि दुसरा हात वर केला.

गाडीनं दोन आचके दिले आणि सुरू झाली. आप्पांना ऐकू आलं नाही. ते तळहातावर लक्ष देऊन उभे होते. गजानन काचेतून ओरडला, "झाली, आप्पा!" तेही ऐकू आलं नाही. थरथर हातात नीट बसल्यावर त्यांनी हात उचलला आणि माझ्याकडे बघून हसले.

गजानननं जीपवाल्याला येऊ नको म्हणून फोन केला. तो निघणार तोच आप्पांनी पुढचं दार उघडलं आणि हातसुद्धा न धुता सीटवर बसले. "वाटेत बंद पडली तर कोण बघल?" गाडी बंद पडणार नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मागून गजाननचे वडील म्हणाले, "बसू दे रे त्यांना."

त्या दिवशी आप्पा परभणीच्या दवाखान्यात डायलिसिस संपेपर्यंत त्यांच्या पलंगाजवळ बसून होते. त्यानंतर ते दर खेपेला जायला लागले. गजानन गाडी घेऊन यायचा, हे पुढच्या सीटवर बसायचे. गजाननला बाजारातली कामं करायला वेळ मिळायला लागला. मी एकदा विचारलं, "इतका वेळ काय बोलता तुम्ही दोघं?"

"ते बोलतेत. मी मान हलवतो," आप्पा म्हणाले आणि कानातल्या मशीनला बोट लावलं. "पण आता ऐकून हलवतो."

गॅरेजही त्यांनी परत उघडलं, अर्धा दिवस का होईना. चावी फिरवताना पंपाजवळ माझा कान, नाहीतर मालकाचा. त्याचं त्यांना वाईट वाटेनासं झालं होतं.

गेल्या उन्हाळ्यात ते आणि अक्का पालमला लेकीकडे गेले होते. तिथं दुपारी जेवून आडवे झाले ते उठले नाहीत. त्यांना तिथंच माती दिली. मी बसनं पोचलो तेव्हा गजानन आधीच आला होता. वडील गाडीतच बसून होते. गर्दीत चालणं त्यांना शक्य नव्हतं. आप्पांना नेताना लोकांनी गाडीपाशी क्षणभर थांबवलं. म्हाताऱ्यानं काचेतून हात बाहेर काढून जोडले.

परवा गजाननची गाडी माझ्या दुकानासमोर थांबली. त्याला फिल्टर हवा होता. मी फिल्टर शोधत असताना तो पलीकडून टायरमध्ये हवा भरायचा पंप आणायला गेला. वडिलांनी मागच्या सीटवरून मला हाक मारली. मी गेलो. ते तुरीबद्दल सांगायला लागले. यंदा शेंगा बऱ्या धरल्यात, पण अळी पडलीय. मग वासराबद्दल. मग सुनेच्या माहेरची काहीतरी गोष्ट. माझ्या दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. मी तिकडे बघितलेलं त्यांच्या लक्षात आलं.

"जावा तुमी," ते म्हणाले. "मला आपलं गाडीत बसलं की बोलायची सवय लागलीय."

मी गिऱ्हाइकाला हातानं थांब म्हटलं आणि पुढचं दार उघडून सीटवर बसलो. ते सुनेच्या माहेराकडे परत वळले.